अनुभव मोजता, काम का बघत नाही?

डेटा ॲनालिस्टच्या नोकरीची कुठलीही जाहिरात उघडा. वर ठळक अक्षरांत ‘एन्ट्री लेव्हल’ असतं आणि चार ओळी खाली ‘किमान दोन वर्षांचा अनुभव आवश्यक’. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, या म्हणीचा अर्थ या क्षेत्रात उतरू पाहणाऱ्या फ्रेशर मंडळींना वेगळा समजावून सांगावा लागत नाही. त्यांना सल्ला देणारेही रग्गड आहेत. अमुक कोर्स कर, तमुक सर्टिफिकेट घे, लिंक्डइनवर रोज काहीतरी टाकत जा. जाहिरात लिहिणाऱ्याला मात्र कोणी विचारत नाही, की बाबा रे, ही दोन वर्षं तुला नक्की कशाला हवीत?

काही व्यवसायांत हा प्रश्न विचारण्याची गरजच नसते. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरची चाचणी घ्यायची म्हणून त्याच्यासमोर एखादा रुग्ण आणून झोपवता येत नाही. तिथे आधी काय केलं आहे यावरच विसंबावं लागतं. डेटा ॲनालिटिक्सचं तसं नाही. इथलं काम समोर बसून तासाभरात करून दाखवता येतं आणि बघणाऱ्याला त्यातलं खरंखोटं तिथल्या तिथे कळतं. जिथे काम पारखणं इतकं सोपं आहे तिथे वर्षं मोजत बसणं हा माझ्या मते आळस आहे, आणि त्या आळसाचा भुर्दंड नोकरी शोधणाऱ्यांवर पडतो.

आळस म्हणतो, कारण वर्षं मोजून फारसं काही कळत नाही हे आता बऱ्यापैकी ठाऊक झालेलं आहे. १९९८ साली फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या मानसशास्त्रज्ञांनी नोकरभरतीवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. माणूस नोकरीत पुढे कसं काम करेल याचा अंदाज कशावरून बांधावा, असा त्यांचा प्रश्न होता. उमेदवाराकडून कामाचा नमुना करून घेतला तर त्याचा पुढच्या कामगिरीशी सहसंबंध ०.५४ निघाला. अनुभवाच्या वर्षांचा निघाला ०.१८. शून्य म्हणजे काहीच नातं नाही आणि एक म्हणजे पूर्ण नातं, हे लक्षात घेतलं की या दोन आकड्यांतला फरक दिसतो. त्यांच्या आकडेमोडीवर पुढे आक्षेप आले. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी फेरमांडणी केली तेव्हा कामाच्या नमुन्याचा आकडा ०.३३ वर आला. पण अनुभवाची वर्षंही आणखी खाली घसरली, त्या दोघांतला क्रम बदलला नाही. मधल्या काळात, २०१९ मध्ये, चॅड व्हॅन इडेकिंग आणि सहकाऱ्यांनी ८१ अभ्यास एकत्र करून फक्त एवढंच तपासलं, की नोकरीत येण्यापूर्वीच्या अनुभवाचा नव्या नोकरीतल्या कामगिरीशी काय संबंध. उत्तर आलं ०.०६. हे अभ्यास सगळ्या प्रकारच्या नोकऱ्यांवरचे आहेत, फक्त डेटावाल्यांवरचे नाहीत. तरीही गंमत बघा. ‘या रकान्याचा त्या रकान्याशी संबंध आहे का’ हे तपासणं हाच ज्यांचा धंदा, ती मंडळी स्वतःची माणसं निवडताना नेमका असा रकाना लावून गाळणी करतात, ज्याचा निकालाशी संबंध जवळजवळ नाही.

मग काय बघावं? मी या मुलाखती घेत आलो आहे, तेव्हा एक नमुना देतो.

दोन टेबलं द्यायची. एकात ऑर्डर: प्रत्येक ऑर्डरची एक ओळ, तारीख, ग्राहक, रक्कम. दुसऱ्यात आलेले पैसे: कुठल्या ऑर्डरचे, किती, कधी. प्रश्न साधा, या महिन्यात पैसे आलेल्या ऑर्डरची एकूण विक्री किती? ज्याला एसक्यूएल, म्हणजे टेबलांतून माहिती काढायची भाषा, येतं तो दोन मिनिटांत टेबलं जोडतो (याला ‘जॉइन’ म्हणतात), रकमेची बेरीज करतो आणि आकडा सांगतो. आकडा चुकलेला असतो. काही ग्राहकांनी पैसे दोन-तीन हप्त्यांत दिलेले आहेत. त्यामुळे जॉइन केल्यावर त्यांची ऑर्डर दोनदा-तीनदा येते आणि तीच रक्कम तितक्या वेळा मोजली जाते. ऑर्डरच्या टेबलात २०० ओळी होत्या, जोडल्यावर २३७ झाल्या. जो उमेदवार मध्येच थांबून विचारतो, ‘या वरच्या ३७ ओळी कुठून आल्या?’ त्याला मी पुढे काही विचारलं नाही तरी चालेल. त्याला क्वेरीची, म्हणजे एसक्यूएलमध्ये लिहायच्या प्रश्नाची, वाक्यरचना गूगलवर शोधावी लागली तरी चालेल.

याच तासात आणखी दोन गोष्टी बघून होतात. ग्राहकांनी दिलेल्या रेटिंगच्या रकान्यात काही जागा रिकाम्या ठेवायच्या आणि सरासरी विचारायची. एसक्यूएल रिकाम्या जागा निमूटपणे वगळून सरासरी काढतं. ते बरोबर की चूक, हे कोडमध्ये लिहिलेलं नसतं. रेटिंग न देणारा ग्राहक नाराज होता की नुसता घाईत होता, हे कोणाला तरी विचारावं लागतं. आणि तारखेच्या रकान्यात एक ०३/०४ ठेवून द्यायची. ती तीन एप्रिल की चार मार्च? एखादा बेधडक गृहीत धरून पुढे जातो. एखादा मागच्यापुढच्या ओळी चाळतो, १२ च्या वरचा आकडा कुठल्या जागी येतो ते बघतो आणि मग ठरवतो. हा दुसरा माणूस मला हवा असतो. त्याच्या बायोडेटात किती वर्षं आहेत, यावर हे अजिबात ठरत नाही. पाच वर्षं डॅशबोर्ड रंगवलेल्या माणसाने २३७ ओळींची बेरीज आत्मविश्वासाने वाचून दाखवलेली मी पाहिली आहे.

‘अनुभव नसलेला’ माणूस काय करू शकतो, याचं मला नेहमी आठवणारं उदाहरण अर्थशास्त्रातलं आहे. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये एक निबंध लिहिला होता. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की देशाची वाढ मंदावते, असा त्याचा सूर होता. मोठमोठे राजकारणी काटकसरीच्या धोरणाच्या समर्थनासाठी तो निबंध पुढे करत. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲम्हर्स्ट इथल्या थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याला अभ्यासक्रमाचा भाग म्हणून एखाद्या प्रसिद्ध निबंधातले आकडे पुन्हा काढून दाखवायचे होते. त्याने हा निवडला. आकडे जुळेनात. त्याने लेखकांकडे मूळ एक्सेल फाइल मागितली, त्यांनी ती दिली, आणि सरासरीचं सूत्र ४९व्या ओळीपर्यंत जायच्या ऐवजी ४४व्या ओळीवरच थांबलेलं त्याला दिसलं. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश हिशेबातून गळाले होते. त्याने आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी २०१३ मध्ये मांडणी केली, की जास्त कर्ज असलेल्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्के नसून २.२ टक्के येते. यातला मोठा फरक काही वर्षांची आकडेवारी वगळल्याने आणि देशांना भार देण्याच्या पद्धतीमुळे पडला होता, एक्सेलच्या चुकीचा वाटा त्यामानाने लहान होता. मूळ लेखकांनी एक्सेलमधली चूक मान्य केली, निष्कर्षाचा गाभा मात्र सोडला नाही. तो वाद अर्थशास्त्रज्ञांनी खेळावा. मला त्यातलं एवढंच हवं आहे: या मुलाकडे एक प्रश्न होता, सगळ्यांना ठाऊक असलेला निबंध होता आणि आकडे जुळत नाहीत म्हटल्यावर स्वस्थ न बसण्याची खोड होती. ‘किमान दोन वर्षं’वाल्या गाळणीत ही खोड कुठल्या रकान्यात भरायची?

उलट बाजूही बघा. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या आकडेवारीतून कोविडचे १५,८४१ रुग्ण काही दिवस गायब झाले होते. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस स्वरूपात ओतली जात होती. त्या स्वरूपात एका शीटवर ६५,५३६ ओळींपलीकडे काही मावत नाही. जास्तीच्या ओळी बिनबोभाट कापल्या गेल्या. रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांना कळवायला त्यामुळे उशीर झाला. तिथे अनुभवी माणसांची वानवा होती असं कोणी म्हणणार नाही. ओतण्याआधी ओळी किती आणि ओतल्यानंतर किती, एवढं मोजण्याची सवय त्या साखळीत कुठेतरी हवी होती, आणि ती सवय पहिल्याच महिन्यात लावून घेता येते.

आता फ्रेशरांकडे वळतो, कारण त्यांचीही एक गल्लत होते. मालक वर्षं मोजतो म्हणून हे सर्टिफिकेटं मोजायला लागतात. बायोडेटात आठ कोर्सेसची नावं असतात आणि प्रोजेक्टच्या मथळ्याखाली टायटॅनिक. त्या बुडालेल्या जहाजावरच्या ८९१ प्रवाशांची सरावासाठी वापरली जाणारी ती यादी इतक्या जणांनी इतक्या वेळा पिळून काढली आहे, की तिच्यात आता नवं काही सापडायचं नाही. किंवा मग आयरिसची १५० फुलं, जी रोनाल्ड फिशर यांनी १९३६ साली आपल्या निबंधात वापरली होती. शिकायला दोन्ही उत्तम. पण त्यातून कामाचा नमुना दिसत नाही, कारण त्यात नोकरीतला अवघड भाग दुसऱ्या कोणीतरी आधीच उरकून ठेवलेला असतो. प्रश्न ठरलेला, माहिती बऱ्यापैकी साफ, आणि उत्तर चुकलं तरी कोणाचं काही बिघडत नाही.

उत्तर चुकलं तर बिघडेल असं कोणीतरी गाठा, हा माझा खरा सल्ला. एखादं छोटं ग्रंथालय घ्या. तिथल्या माणसाला एकच गोष्ट कळून हवी असते: पुढच्या वर्षी कुठल्या पुस्तकांच्या जादा प्रती घ्यायच्या? नोंदींची फाइल मागा. उघडलीत की कळेल, एकच पुस्तक तीन वेगवेगळ्या स्पेलिंगांनी चढलेलं आहे. काही सभासदांची जन्मतारीख १ जानेवारी १९०० आहे. म्हणजे ते शतायुषी नव्हेत, तारखेच्या रकान्यात कोणीतरी नुसता १ टाकला आणि एक्सेलने आपल्या पद्धतीने त्याची तारीख करून टाकली. काही पुस्तकं परत आल्याची नोंदच नाही; ती हरवली, की आली पण लिहायचं राहिलं? हे टेबलात सापडत नाही, काउंटरवरच्या माणसाला विचारावं लागतं. मग त्याला समजेल अशा एका पानात उत्तर द्या, आणि ‘यातलं हे मला नक्की सांगता येत नाही’ हेही त्याच पानावर लिहा. असं एक पान टायटॅनिकच्या दहा प्रोजेक्टना भारी पडतं. मुलाखतीत त्यावर अर्धा तास बोलता येतं, कारण प्रत्येक निर्णय तुम्ही घेतलेला असतो आणि का घेतला ते तुम्हाला आठवत असतं.

दुसऱ्या क्षेत्रातून इकडे येऊ पाहणाऱ्यांची तर वेगळीच कुचंबणा. गोदामात रोज संध्याकाळी साठ्याचा मेळ घालणारी व्यक्ती, रुग्णालयात भरतीच्या नोंदी सांभाळणारी परिचारिका, बिलं आणि पावत्या जुळवणारा लेखनिक. यांना स्वतःला ‘अननुभवी’ लिहावं लागतं, का तर त्यांच्या पदाच्या नावात ॲनालिस्ट हा शब्द नव्हता. आकडा का जुळत नाही याच्या मागे लागण्यात यांची वर्षं गेलेली असतात, आणि कुठला आकडा लोक कंटाळून अंदाजाने ठोकून देतात हेही यांना ठाऊक असतं. माझ्याकडे असा माणूस आला तर एसक्यूएल मी शिकवीन. आवश्यक तेवढं काही आठवड्यांत येतं. गोदाम शिकवायला मला वर्ष लागेल.

खोट्या अनुभवाचंही बोललं पाहिजे. कधीच काम न केलेल्या कंपनीची दोन वर्षं बायोडेटात घालणं, मित्राकडून पत्र आणणं, हे सर्रास चालतं आणि त्याची दुकानंही निघाली आहेत. ज्याला उद्या खोटे आकडे पकडायचे आहेत त्याने सुरुवातच खोट्या आकड्याने करावी, हे मला पटत नाही. पण ही टांकसाळ कोणामुळे चालते तेही बघायला हवं. जो रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढेच सरकत नाही, तो रकाना लोक भरणारच.

नोकरी देणारे यावर काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. पहिलं म्हणजे, एका जागेसाठी शेकड्यांनी अर्ज येतात, प्रत्येकाची चाचणी कुठे घेत बसणार? अडचण खरी आहे. पण २३७ ओळींसारखा एक प्रश्न ऑनलाइन टाकून आपोआप तपासता येतो, आणि त्यात उतरलेल्यांतून चिठ्ठ्या टाकून जरी वीस जणांना बोलावलं तरी ते वर्षांच्या गाळणीपेक्षा न्याय्य ठरेल. मात्र यातून निघालेली एक खोड मोडायला हवी. ‘घरी करून आणा’ म्हणून आठवडाभराचं काम द्यायचं, कधीकधी कंपनीचाच खरा प्रश्न, आणि नंतर उत्तरही पाठवायचं नाही. एक तास मागा. त्याहून जास्त हवं असेल तर पैसे मोजा.

दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे: अनुभवातून तारतम्य येतं. कुठल्या विभागाचा आकडा चार दिवस उशिरा भरला जातो, साहेबांना हवं ते उत्तर निघत नसेल तर ते कसं सांगायचं, ‘सक्रिय ग्राहक’ म्हणजे विक्री विभागाच्या लेखी कोण आणि हिशेब विभागाच्या लेखी कोण. हे सगळं खरंच अनुभवाने येतं. पण त्यातलं बरंचसं त्या-त्या कचेरीपुरतं असतं. दुसरीकडे गेलात की पुन्हा पहिल्यापासून. ०.०६ एवढा तुटपुंजा आकडा का येत असावा, याचं एक कारण मला इथे दिसतं. आणि आज वरच्या खुर्च्यांवर बसलेल्यांनी जरा मागे वळून पाहावं. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत टेबलं हाताळायचं साधन म्हणजे पांडास, त्यावर काम सुरू झालं २००८ मध्ये. डॅशबोर्ड बनवायचं पॉवर बीआय सर्वांसाठी खुलं झालं २०१५ मध्ये. ही साधनं नवी होती तेव्हा त्या साधनांचा अनुभव जगात कोणाकडेच नव्हता. कोणीतरी त्यांना शिकू दिलं.

तिसरा मुद्दा नवा. आता एआय क्वेरी लिहितं, चार्ट काढतं. मग नवशिके हवेत कशाला? यातला एक भाग मी मान्य करतो. रिपोर्ट साफ करणं, फाइली जोडणं, असली किरकोळ कामं करता करता पूर्वी माणूस शिकायचा, आणि ती कामं आता कमी होत चालली आहेत. हे नुकसान आहे आणि त्यावर सोपं उत्तर माझ्याकडे नाही. पण त्यातून ‘नवे नकोत’ हा निष्कर्ष कसा निघतो? यंत्र जॉइन सुरेख लिहून देईल. पैसे हप्त्यांनी येतात, त्यातला एखादा हप्ता परत केलेला असतो आणि तो वेगळ्याच फाइलीत लिहिला जातो, हे हिशेब विभागातल्या एका माणसाच्या डोक्यात असतं. ते विचारून आणणारा कोणीतरी लागतोच. क्वेरी लिहिण्याचा वेग हाच नवशिक्याचा अडसर होता म्हणावं, तर तो यंत्राने दूर केला. मग तर वर्षं मागायला आणखीच कमी कारण उरलं.

खरं कारण वेगळं असतं आणि ते क्वचितच कोणी बोलून दाखवतं. शिकवण्याचा खर्च कोणालाच नको आहे. आपण घडवायचं आणि दुसऱ्याने जास्त पगार देऊन पळवायचं, मग आयताच पळवलेला बरा, असा हिशेब प्रत्येक कंपनी करते. एकेकीपुरता तो शहाणपणाचा वाटतो. सगळ्यांनी केला की घडवणारं कोणी उरत नाही, आणि शिकण्याचा खर्च आपसूक उमेदवाराच्या घरावर जातो. कोर्सची फी त्याची, लॅपटॉप त्याचा, सहा महिने बिनपगारी इंटर्नशिप करायची तर तोवरचं पोटही त्याचंच. म्हणजे ज्याच्या घरी सहा महिने पोसायची ऐपत आहे त्यालाच ‘अनुभव’ मिळतो. दोन वर्षांची अट दिसते गुणवत्तेची. ती निवडते मात्र ऐपत. बिनपगारी इंटर्नशिपला म्हणूनच माझा विरोध आहे, अगदी ‘शिकायला मिळतं ना’ म्हणणाऱ्यांसमोरही. जो काम करतो त्याला पैसे मिळाले पाहिजेत, मग तो काम करताना शिकतो आहे का हा प्रश्न वेगळा.

छोट्या कंपन्या म्हणतील, आमच्याकडे शिकवायला माणूसच नाही. ठीक आहे. मग त्यांनी ‘एन्ट्री लेव्हल’ हे शब्द खोडावेत आणि अनुभवी माणसाचा पगार लिहावा. त्यात काही गैर नाही. गैर आहे ते काम अनुभवी माणसाचं मागायचं आणि पगार नवशिक्याचा द्यायचा. आणि ज्यांना खरोखर नवा माणूस हवा आहे त्यांची जाहिरात चार ओळींत बसते. पगार इतका. काम हे: तीन विभागांकडून येणारे आकडे जुळवायचे आणि का जुळत नाहीत ते शोधायचं. अनुभवाची अट नाही. दोन टेबलं आणि एक प्रश्न सोबत जोडला आहे, त्याचं उत्तर आणि ते कसं काढलं हे एका पानात पाठवा. निवड झालेल्यांना एका तासासाठी बोलावू, त्या तासाचे पैसे देऊ.